लॅमिंग्टन रोडवरची टेपवाली खोली

मुंबई बघायला आलात की यादी ठरलेलीच असते. राणीची बाग, गेट वे ऑफ इंडिया, चौपाटीवरची भेळ आणि म्हातारीचा बूट! पण तुमच्यापैकी ज्यांना घरातलं घड्याळ, रेडिओ किंवा बंद पडलेला मोबाइल उघडून बघण्याची खोड आहे, त्यांच्यासाठी या यादीत आणखी एक ठिकाण घालायला हवं. ते म्हणजे लॅमिंग्टन रोड.

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरायचं आणि पूर्वेला बाहेर पडायचं. थोडंसं चाललं की आलाच हा रस्ता. पाटीवर मात्र नाव दिसेल 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग'. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टॅक्सीवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या तोंडी त्यांचंच नाव आहे.

इथे काय मिळत नाही ते विचारा! शेंगदाणे विकावेत तसे डब्या-डब्यांत भरून ठेवलेले रेझिस्टर आणि कपॅसिटर, मीटरवर मोजून मिळणारी वायर, सीसीटीव्ही कॅमेरे, लॅपटॉपचे पडदे, रोबो बनवण्यासाठी लागणाऱ्या छोट्या मोटारी. विज्ञान प्रदर्शनाच्या आधी शाळा-कॉलेजची मुलं पाठीवर दप्तर घेऊन या रस्त्यावर भटकताना हमखास दिसतात.

पूर्वी हाच रस्ता सिनेमाचाही होता. इथल्या नाझ सिनेमाच्या इमारतीत चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या असत. आणि मिनर्व्हा थिएटर तर तुमच्या आई-बाबांनाच काय, आजी-आजोबांनाही ठाऊक असेल. १५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' प्रदर्शित झाला, तो मिनर्व्हात पाच वर्षं चालला. मिनर्व्हाची ती इमारत आता नाही.

या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आहे. लाकडी जिना, काळोखा बोळ आणि बोळाच्या टोकाला काचेचं दार. तिथे जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली चित्रं काढून संगणकात भरतात. पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी तिथे गेलो होतो. चला, आज तुम्हालाही नेतो.

फितीत चित्र असतं कुठे?

आत शिरल्याबरोबर नाकाला स्पिरिटसारखा वास येतो. भिंतीला लागून लोखंडी रॅक. त्यात एकावर एक दहा-बारा व्हीसीआर. काहींची झाकणं काढलेली, त्यामुळे पोटातली चाकं आणि पट्टे उघडे दिसतात. टेबलावर दोन संगणक. एक नवाकोरा, दुसरा जुना. आणि कोपऱ्यात कॅसेटचे ढीग. लग्नं, मुंजी, बारशी, स्नेहसंमेलनं, गणपती.

खोलीचे मालक काका साठीच्या पुढचे. त्यांनी आधी माझ्या हातात सिनेमाच्या रिळाचा एक जुना तुकडा दिला. म्हणाले, "उजेडात धरा." धरला. एकाखाली एक चिमुकली चित्रं स्पष्ट दिसत होती. मग व्हिडिओच्या फितीचा तुकडा दिला. "आता हा धरा." नुसती काळपट, गुळगुळीत पट्टी! ना चित्र, ना रेघ.

"हीच तर गंमत आहे," काका म्हणाले. "सिनेमाच्या फिल्ममध्ये चित्र दिसतं. टेपमध्ये चित्र असतं, पण दिसत नाही. ते फक्त मशीनला वाचता येतं. मशीन गेलं, की चित्र असून नसल्यासारखं!"

त्याचं असं आहे, की व्हिडिओ टेप ही प्लास्टिकची पातळ पट्टी असते आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप असतो. कॅमेऱ्याने पाहिलेला उजेड-अंधार विजेच्या लहरींत बदलतो आणि त्या लहरींप्रमाणे हे कण चुंबकित होतात. वाचणाऱ्या भागाला म्हणतात 'हेड'. हेड फितीवरून फिरलं, की त्या चुंबकी खुणांची पुन्हा वीज होते आणि विजेचं चित्र.

पण चित्रात माहिती असते भरपूर. ती लिहायला फीत हेडसमोरून फार वेगाने, सेकंदाला जवळजवळ पाच मीटर, सरकायला हवी. करा गुणाकार! एका तासाच्या चित्रणाला सतरा किलोमीटरहून जास्त लांब फीत लागेल. एवढी कॅसेट घरात मावणार कशी?

यावर शोधकांनी नामी युक्ती काढली. फीत जोरात पळवण्याऐवजी हेडच पळवायचं! जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या व्हीएचएस कॅसेटचंच घ्या. त्या व्हीसीआरमध्ये पेल्याएवढा चकचकीत गोल ड्रम असतो. त्यावर दोन हेडं बसवलेली असतात आणि आपल्याकडच्या पद्धतीत तो सेकंदाला २५ गिरक्या घेतो. फीत त्याला तिरकी लपेटलेली असते आणि गोगलगाईसारखी सरकते, सेकंदाला फक्त अडीच सेंटिमीटरच्या आत. त्यामुळे हेड फितीवर तिरप्या, केसाहून बारीक रेघा ओढत जातं. एका रेघेत अर्धं चित्र, पुढच्या रेघेत उरलेलं अर्धं. असा सतरा किलोमीटरचा ऐवज शंभर मीटरपेक्षाही कमी फितीवर बसतो. आहे की नाही कमाल?

तासाला तासच!

"काका, मोबाइलमधला फोटो आपण क्षणात कॉपी करतो. तशी ही टेप कॉपी नाही होत?" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं. हा मुलगा कोण, ते पुढे येईलच.

काका हसले. "नाही रे बाळा. दोन तासांची टेप असेल तर दोन तास वाजवायलाच लागते. ती वाजत असताना संगणक बघत बसतो आणि जे दिसेल ते लिहून घेतो. याला आमच्या भाषेत म्हणायचं 'कॅप्चर'."

म्हणजे शिक्षक फळ्यावर लिहितात आणि आपण वहीत उतरवून घेतो, तसंच की! आणि फळा पुसायच्या आत लिहिलं नाही, तर ते राहिलंच. संगणकाचंही तसंच होतं. तो दुसऱ्या कामात अडकला तर मधलं एखादं चित्र सुटतं. याला म्हणतात 'ड्रॉप्ड फ्रेम'. त्यामुळे कॅप्चर चालू असताना काका त्या संगणकावर दुसरं काहीही करू देत नाहीत. इंटरनेटसुद्धा बंद!

व्हीसीआरच्या मागून तीन वायरी निघतात. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. त्या जातात एका डबीत. संगणकाला लहरी कळत नाहीत, त्याला कळतात आकडे. ही डबी लहरींचे आकडे करते. चित्राच्या ५७६ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीवर ७२० ठिकाणी मोजणी. म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे १ कोटी ३ लाख ६८ हजार ठिपके. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत एवढी मोजणी होऊन गेलेली असते.

व्हीसीआर आणि डबी यांच्यामध्ये काकांनी आणखी एक यंत्र जोडलं होतं. जुनी फीत कुठे ताणलेली, कुठे सैल असते. त्यामुळे चित्राच्या ओळी जरा पुढेमागे येतात आणि चित्र पाण्यातल्यासारखं हलतं. हे यंत्र म्हणजे प्रार्थनेच्या वेळचे पीटीचे सर! शिट्टी मारून सगळ्या ओळी सरळ उभ्या करायच्या आणि मगच पुढे सोडायच्या.

शेजारचा तो जुना संगणक कशाला ठेवला होता? तर मिनी डीव्ही टेपसाठी. या काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅसेट १९९५ साली आल्या. त्यांच्यात लहरी नसतातच, आधीपासूनच आकडे असतात. कॅमेऱ्यातून 'फायरवायर' नावाची एक केबल संगणकात जाते आणि मग मजा बघा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं, की कॅमेऱ्यातली टेप आपोआप मागेपुढे जाते! प्रत्येक चित्राला घराच्या नंबरासारखा नंबर असतो: तास, मिनिट, सेकंद आणि चित्राचा क्रमांक. 'अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंत घे' असं सांगून ठेवलं, की संगणक टेपवर बरोबर तिथे जाऊन तेवढाच भाग घेतो. चित्रणाची तारीख-वेळही टेपवर असते. त्यामुळे कॅमेरा कुठे थांबवून पुन्हा चालू केला, तेही त्याला कळतं आणि प्रत्येक प्रसंगाचा तो वेगळा तुकडा करून देतो.

अशा एका तासाच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागते. आज तुमच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर ती सहज मिळते. पण १९९०च्या दशकाच्या अखेरीला घरच्या संगणकाची अख्खी डिस्कच कितीदा तेवढी नसे. नव्या संगणकांना आता फायरवायरची जागाच नसते. म्हणून तो म्हातारा संगणक काकांनी जपून ठेवला आहे.

चिपळूणची कॅसेट

आता त्या मुलाबद्दल. तो आठवीतला. आईबरोबर चिपळूणजवळच्या गावातून आला होता. आईच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली एकच कॅसेट होती. मुलाच्या मावशीचं लग्न, १९९७.

"लग्नाचं एवढं काही नाही हो, भाऊ," आई म्हणाली. "फोटो आहेत अल्बममध्ये. पण हळद दळताना माझी आजी जात्यावर बसली होती आणि ओव्या म्हणत होती. त्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. पुढच्याच वर्षी आजी गेली. तिचा आवाज फक्त यात आहे."

म्हणजे या मुलाची पणजी. त्याने तिला कधी पाहिलेलं नव्हतं आणि ऐकलेलंही नव्हतं.

२०२१च्या जुलैत चिपळूणला महापूर आला, तेव्हा ही कॅसेट माळ्यावर होती. म्हणून पाण्यातून वाचली. पण कोकणातला ओलावा थोडाच सोडतो? काकांनी कॅसेटच्या खिडकीवर विजेरीचा उजेड टाकला. गुंडाळलेल्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. बुरशी!

"घरी लावून बघितली का?" काकांनी लगेच विचारलं.

"नाही. घरात व्हीसीआरच नाही."

"बरं झालं! बुरशीची टेप तशीच लावली की घाण हेडवर बसते, फीत अडकते, तुटतेसुद्धा. आणि त्या मशीनमध्ये नंतर घातलेल्या टेपलाही लागण होते."

काकांनी हातमोजे आणि मास्क चढवला. कॅसेटचे पाच स्क्रू काढले. झाकण उघडून वरची भुकटी मऊ ब्रशने हलकेच झाडली. मग कॅसेट पुन्हा बंद करून एका वेगळ्या व्हीसीआरमध्ये घातली. हा व्हीसीआर फक्त आजारी टेपांसाठी. त्यात फीत मऊ कापडामधून हळूहळू सरकते आणि पुसली जाते. पाव तास झाला, अर्धा तास झाला. दर थोड्या वेळाने काका कापड बदलत होते. पांढरं कापड तपकिरी होत होतं. मुलगा पापणी न हलवता बघत होता.

"चित्राची मला काळजी नाही," काका म्हणाले. "चित्र फितीच्या मधल्या भागात असतं. पण या टेपमध्ये आवाज असतो अगदी वरच्या काठाला, जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीत. आणि बुरशी आधी काठच खाते."

आईचा चेहरा उतरला. तिला नेमका आवाजच हवा होता.

वाजते का, वाजत नाही?

साफ केलेली फीत चांगल्या व्हीसीआरमध्ये गेली. सॉफ्टवेअरमधलं लाल बटण दाबलं गेलं. पडद्यावर आधी मुंग्याच मुंग्या. मग चित्र फाटल्यासारखं झालं. काकांनी 'ट्रॅकिंग'चं बटण दाबून दाबून हेड बरोबर रेघेवर आणलं, आणि एकदम मांडव दिसला! झेंडूच्या माळा, पाटावर बसलेली मावशी, परकर-पोलक्यातली मुलगी. "ती बघ, ती मी," आई मुलाला म्हणाली.

आणि मग जातं आलं. नऊवारीतली म्हातारी पणजी खुंट्याला धरून बसलेली. ओठ हलत होते. पण आवाज? खर्रर्र... मध्येच एखादा शब्द, पुन्हा खर्रर्र.

काकांनी कॅप्चर थांबवलं नाही. टेप संपेपर्यंत, जवळजवळ दोन तास, सगळं चित्र नीट उतरवून घेतलं. मग ते म्हणाले, "आता फक्त आवाजासाठी पुन्हा एकदा." दुसरा व्हीसीआर काढला. झाकण उघडं टाकून आवाजाच्या हेडजवळचा एक बारीकसा स्क्रू केसभर फिरवला. टेप पुन्हा जात्यापाशी आणली.

यावेळी ऐकू आलं. दबका, घरघर मिसळलेला, पण आवाज! मागे जात्याची घुर्र आणि त्यावर एक थरथरता, उंच सूर.

पुढचं काम संपादनाच्या सॉफ्टवेअरचं. पडद्यावर दोन पट्ट्या: वर पहिल्या वेळेचं चित्र, खाली दुसऱ्या वेळेचा आवाज. मांडवात कुणाच्या तरी हातातून तांब्या पडला होता. तांब्या जमिनीला टेकतो ते चित्र आणि 'ठण्ण' असा आवाज, हे दोन्ही एका रेषेत आणले की झालं! ओठ आणि ओव्या जुळल्या. एके ठिकाणी मात्र फितीचा काठच गेलेला होता. तिथले तीन-चार शब्द परत आले नाहीत. दोन्ही वेळा ऐकून काकांनी मान हलवली. जे फितीवरूनच गेलं, ते कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

सगळं मिळून ओव्या चार मिनिटांच्या. मुलाने वही काढली आणि पुन्हा पुन्हा ऐकून एकेक ओळ लिहायला लागला. अडलं की आईला विचारत होता. काही शब्द असे होते, की ते तिलाही आठवून सांगावे लागत होते.

घाई कशासाठी?

तुम्ही म्हणाल, जुन्या टेपा तर पडूनच आहेत, आणखी दहा वर्षं पडल्या तर काय बिघडलं? बिघडतं. एक तर लेप झिजतो, चिकट होतो, बुरशी येते. दुसरं म्हणजे मशीनच उरत नाहीत. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी होती जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. काकांच्या रॅकवर बारा व्हीसीआर का, ते आता कळलं ना? एकाचा भाग दुसऱ्याला लावून ते त्यांना जगवतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या टेपा डिजिटल होणार नाहीत, त्यांतल्या बहुतेक कायमच्या हातच्या जातील. ते वर्ष उजाडलंसुद्धा!

आणि हे काही फक्त घरच्या टेपांचंच दुखणं नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाचं चंद्रावरून आलेलं चित्र मूळ दर्जात ज्या टेपांवर साठवलं होतं, त्या नासाने पुष्कळ शोधल्या. २००९ साली निष्कर्ष निघाला, की त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. नशिबाने दूरदर्शन केंद्रांकडे प्रक्षेपणाच्या नोंदी होत्या, त्यावरून चित्र पुन्हा उजळवता आलं. पण तुमच्या मुंजीच्या किंवा मावशीच्या लग्नाच्या टेपेची नोंद दुसरीकडे कुठे असणार?

तेव्हा येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन माळा, कपाटाचा तळ आणि शोकेसचा खालचा कप्पा शोधा. टेप सापडली तर लगेच वाजवायला घेऊ नका. आधी खिडकीतून उजेडात बघा. पांढरं काही दिसलं तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा शाबूत असेल तर तो मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. ओल, ऊन आणि स्पीकरचं चुंबक यांपासून दूर ठेवा. आतमध्ये काय आहे, ते घरातल्या मोठ्यांना विचारून वर लिहा. सन, गाव आणि माणसांची नावं. चित्रातले चेहरे ओळखणारी माणसंही कायमची नसतात.

कॅप्चर झाल्यावर फाइल एकाच ठिकाणी ठेवू नका. एक प्रत घरी, एक दुसऱ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. फोनवर पाठवायला छोटी फाइल जरूर बनवा, पण मोठी मूळ फाइल पुसू नका. आणि हो, मूळ टेपही फेकू नका.

काकांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. लोक ढीगभर टेपा घेऊन येतात आणि सगळ्यांत आधी टीव्हीवरून भरून घेतलेला सिनेमा काढून देतात. तो सिनेमा कुठेही मिळेल हो! एका टेपेला किती तास लागतात, ते आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून घरी टेपांची यादी कराल तेव्हा पहिल्या नंबरावर तीच टेप लिहा, जिची दुसरी प्रत जगात कुणाकडेच नाही.